टोलेमावशीचे कान

टोलेमावशीच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की ती जुनी सरकारी इमारत बघायला आलेल्यांची मध्ये बोलायची टाप नसे. लोकांना वाटायचं, काय हौस आहे बाईला! हौस कसली डोंबलाची. कुणी काही विचारलंच तर तिला ते ऐकू येत नसे, म्हणून ती विचारूच देत नसे. घड्याळाच्या मनोऱ्यात, त्या अजस्र घंटेशेजारी माहिती सांगण्यात हयात गेली. कान जाणार नाहीत तर काय होणार?

हे तिच्या नवऱ्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. तो म्हणायचा, झाकली मूठ सव्वा लाखाची, गप्प राहा. त्याचं काय जातंय? तो कंबर धरून घरात बसलेला, आणि घर चालायचं हिच्या एकटीच्या पगारावर. कान गेलेत हे कळल्यावर तिला या कामावर कोण ठेवील?

आणि आज नेमक्या नव्या साहेबबाई लोकांबरोबर मनोऱ्यावर यायला निघाल्या. मावशीची पाचावर धारण बसली. चोराच्या मनात चांदणं! बाई सहजही आल्या असतील, पण हिला वाटलं, कुणीतरी चुगली केली. जिना चढताना ती मागे वळून वळून बाईंचे ओठ बघत होती. त्या नादात एकदा पाय घसरला, कशीबशी सावरली.

वर पोचल्यावर तिने सगळ्यांना घंटेभोवती उभं केलं. टोला पडायच्या आधी यंत्र घरघरतं, पण ती घरघर तिला कधीचीच ऐकू येईनाशी झाली होती. ती आपली मनगटावरच्या घड्याळावर भागवायची. वेळ झाली तशी "कान झाका" म्हणून ओरडली आणि स्वतःचेही झाकले. लोकांनी एकमेकांकडे बघितलं, पण भिडेखातर हात कानांवर नेले.

टोला एरवी तिला तळपायांतून कळायचा. पायाखालच्या फळ्या थरथरायच्या, थेट गुडघ्यापर्यंत. आज काहीच नाही. अरे देवा, म्हणजे आता तेवढंही गेलं? पण रडायला वेळ कुठे होता? तिने हात खाली घेतले, चेहऱ्यावर हसू आणलं आणि रोजचं वाक्य ठोकून दिलं.

"काय, हादरलात ना? असा टोला दुसरीकडे ऐकायला मिळायचा नाही."

कुणीच हसलं नाही. खाली सभागृहात बैठक आहे म्हणून आज घंटा बंद ठेवलीय, हे साहेबबाईंनी जिन्यातच सगळ्यांना मोठ्याने सांगितलं होतं, मावशी पाय सावरत होती तेव्हा. आता त्या गर्दीतून पुढे आल्या, तिच्या अगदी समोर उभ्या राहिल्या आणि एकेक शब्द सुटा करून बोलल्या.

"मावशी, आज टोला पडलाच नाही. कधीपासून ऐकू येत नाही तुम्हाला?"

मावशीला, खरं सांगायचं तर, आधी हायसं वाटलं. म्हणजे पाय अजून शाबूत होते! मग उरलेला प्रश्न डोक्यात शिरला, आणि ती कठड्याला धरून मटकन खाली बसली.