भट्टीवर कोण बसणार?

सांगलीच्या डॉक्टरांनी आमच्या ह्यांचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, पाहिला आणि म्हणाले, "हार्ट फेल्युअर आहे." मी विचारले, "म्हंजे हृदय बंद पडलं?" त्यांनी समजावले, "म्हणजे हृदय बंद पडले नाही. दमले आहे, रक्त नीट ढकलत नाही. म्हणून पायांना सूज, आडवे झाले की धाप."

गोळ्यांनी भागेना, तेव्हा सीआरटी-डी बसवायचे ठरले. हे काडेपेटीएवढे यंत्र खांद्याखाली, कातडीच्या आत बसवतात. त्याच्या तारा हृदयाच्या दोन्ही बाजू एका तालात चालवतात. ठोके भलतेच सुटले तर यंत्र आतून शॉक देऊन जीव वाचवते.

आमचे मालक विट्याचे गलाईवाले. परराज्यात सोने गाळण्यात उमर घालवली, आता थोरल्या दिरांबरोबर विट्यातच दुकान आहे. भट्टी विजेची, इंडक्शनची. डॉक्टरांनी बजावले, "तिच्याजवळ जायचे नाही. तिच्या चुंबकी लहरींनी यंत्र फसते."

दिरांनी लगेच विचारले, "मग भट्टीवर कोन बसनार?"

भाऊ वाचेल का, हे विचारलेच नाही. मला त्यांची किळस आली. वेटिंग रूममध्येही गुटख्याचा तोबरा भरून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "दुकान बंद पडतंय बघा." तोंड बघवेना.

यंत्र बसले. सूज उतरली, मालक उशी न घेता झोपू लागले. जखम भरली तसे दीर घरी आले. "तांब्याचा पत्रा बांध छातीला, लहरी अडत्यात. काय हुत न्हाई गड्या." मी नको नको म्हणत होते. थोरल्याचा शब्द मोडायचा नाही, म्हणून हे भट्टीवर गेले.

भट्टी तापली आणि यंत्राने शॉक दिला. हे मागे फेकले गेले. परत सांगली, परत आयसीयू. डॉक्टर यंत्र तपासून संतापले, "हृदय ठीक होते. भट्टीमुळे यंत्राला वाटले, ठोके बिघडले."

दीर खाटेशी उभे राहून म्हणाले, "पत्रा पातळ पडला."

"आवं भावजी, मानूस हाय त्यो!" मी ओरडले. नर्स धावत आली.

तुमच्या घरी हे यंत्र येणार असेल तर बायांनो, रोग्याआधी घरात ज्यांचा शब्द चालतो त्यांना डॉक्टरांपुढे बसवा. यंत्राचे उपकार आहेतच. पण माझ्या जिवात जीव आला तो मालकांमुळे. जन्मात थोरल्या भावापुढे मान वर न केलेल्या माणसाने त्याच खाटेवर तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला.

"दादा, भट्टीवर तुमी बसा. मला जगायचं हाय."