निळ्या लॅपटॉपचे चाळीस

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. वाशीतल्या आमच्या दुकानाच्या भिंतीवर जो तक्ता लागला, त्यातला एक आकडा चुकीचा होता. तो माझ्या हातचा.

मी दुकानाचा टेक्निकल माणूस. गेमिंग लॅपटॉप घ्यायला आलेलं गिऱ्हाईक एकच विचारतं, 'एफपीएस किती?' म्हणजे सेकंदाला पडद्यावर किती चित्रं येतात. जास्त आली तर गेम सुळसुळीत चालतो, कमी आली तर गचके खातो. आमचे मालक पाटीलशेठ इथल्याच गावचे. म्हणाले, "तीन मॉडेल हायेत. एकच गेम तिघांवर लावा, आकडे भिंतीवर चिकटवा. पब्लिकची कटकट बंद."

एक काळा, एक करडा, एक निळा. निळा आमच्या पर्चेसच्या गायकवाडांनी हट्टाने मागवलेला. पंचवीस पीस. गायकवाड माझ्याच वयाचे. डब्यातली निम्मी भाजी रोज मला वाढायचे.

टेबलाजवळ सॉकेट तीन. त्यातल्या एकात देव्हाऱ्याच्या दिव्यांची माळ. ती काढायची नाही, हा शेठचा नियम. एक्स्टेन्शन बोर्ड माळ्यावर होता आणि माझे गुडघे खाली होते. काळा आणि करडा चार्जरवर लावले. निळ्याची बॅटरी फुल होती. म्हटलं, चालतंय.

चालत नाही. गेमिंग लॅपटॉपचा चार्जर काढला की तो स्वतःहून ताकद कमी करतो, कारण एवढा भार बॅटरीला झेपत नाही. हे मला कित्येक वर्षं माहीत होतं. नेमकं त्या दुपारी आठवलं नाही.

काळा शंभर, करडा नव्वद, निळा चाळीस.

"गायकवाड, ह्यो लॅपटॉप हाय का पोळपाट?" शेठ कडाडले.

"शेठ, कागदावर तर हाच सगळ्यात भारी आहे."

"मंग कागद विकू?"

गायकवाड माझ्याकडे वळले. "कदम, नीट चेक केलंत ना?"

"दोनदा," मी म्हणालो. दोनदा केलं होतं. दोन्ही वेळा बॅटरीवर.

पुढच्या सोमवारी गायकवाडांची बदली तळोज्याच्या गोडाउनला झाली. निळा मालही त्यांच्याच टेम्पोतून गेला. डेमोचा एक तेवढा टेबलावर राहिला.

महिन्याभराने एपीएमसी मार्केटातले कांद्याचे एक व्यापारी आले. मूळचे साताऱ्याकडचे, सगळे त्यांना तात्या म्हणत. सोबत मुलगी. ती गेम बनवायचा कोर्स करणार होती. तिने तक्ता वाचला. तात्या टेबलाखाली वाकून बघत होते.

"सायेब, दोघांना वायर हाय. ह्या निळ्यानं काय पाप केलं?"

"तात्या, त्याला बॅटरी आहे."

"बॅटरी तिघांनाबी आसंल की. दोन गोणी काट्यावर तोलायच्या अन् तिसरी हातानं उचलून वजन सांगायचं? आसला तोलारी आमच्यात दुपारच्या जेवणापर्यंत टिकत न्हाई."

"पप्पा, गप्प बसा ना," मुलगी हसू दाबत म्हणाली. मग मला, "सर, चार्जर लावून बघू या?"

तेव्हा कुठे मला आठवलं. करड्याची पिन काढली, निळ्याची लावली. तोच गेम. एकशे दहा.

"मंग?" तात्या म्हणाले. "ह्योच बांधा."

त्या संध्याकाळी शेठना खरं सांगायला केबिनमध्ये गेलो. तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते असं: "शेठ, कंपनीचा नवा अपडेट आलाय. निळा सुधारला."

"कदम, कमाल केलीत!" शेठनी चहा मागवला. वर स्पेशल.

आठवड्यात माल तळोज्याहून परत आला आणि विकलाही गेला. गायकवाड परत आले नाहीत. "तिथं भरवशाचा मानूस लागतो," शेठ म्हणाले. गायकवाडांचा मात्र फोन आला. "कदम, तुमच्या अपडेटमुळे माझी अब्रू वाचली हो! इथे सगळ्यांना सांगतो, दोस्त असावा तर असा."

"अहो, त्यात काय," मी म्हणालो.

तुलना करायची तर आधी वायरी मोजाव्यात, मग आकडे लिहावेत. धंद्यातला धडा एवढाच.

बाकी निळा पहिल्या दिवसापासून चांगला होता आणि चूक माझी होती, हे गायकवाडांना, शेठच्या समोर, सांगायचं देणं मी लागतो. अजून सांगितलेलं नाही.