न पडलेला सर्व्हर

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नागपूर सोडून बंगळुरात येऊन मला वर्ष होत आलं होतं. कोरमंगलातल्या एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत सर्व्हर सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. बाकीचे प्रोग्राम लिहायचे, घोळक्याने जेवायला जायचे. मेल बंद पडली की मगच त्यांना माझी आठवण व्हायची.

एकदा सर्व्हरचं नेटवर्क कार्ड जळलं आणि अख्खं ऑफिस हातावर हात ठेवून बसलं. तेव्हा साहेबांच्या मागे लागून मी आणखी एक कार्ड मागवलं आणि दोघांची जोडी लावली. बाहेरून सर्व्हर एकच दिसणार. काम एक कार्ड करणार, ते गेलं तर दुसरं पुढे होणार. दोन्हींच्या केबल वेगवेगळ्या स्विचला नेल्या, म्हणजे एखादा स्विच बिघडला तरी अडायला नको. साहेब "गुड, गुड" म्हणाले आणि फोनकडे वळले.

पुढे एका दुपारी नवं पार्टिशन ठोकताना सुताराचा ड्रिल भिंतीतल्या एका केबलमधून आरपार गेला. माझ्या स्क्रीनवर ओळ उमटली: पहिलं कार्ड बंद, दुसरं सुरू. मी धावतच बाहेर आले. सगळे आपापल्या कामात होते.

"काही अडलं का?" मी जवळच्या मुलाला हिंदीत विचारलं.

"नाही. का?" त्याने मानही वर केली नाही.

मी परत जाऊन बसले. इतका आनंद झाला होता आणि तो ठेवायला जागा नव्हती.

संध्याकाळी जयनगरला माझ्या खोलीजवळच्या एसटीडी बूथवरून आईला फोन लावला.

"म्हणजे बंद पडलं?" आई म्हणाली.

"नाही ना गं! पडलंच नाही!"

"मग बरं झालं की. जेवलीस का?"

फोन ठेवून वळले, तर बूथबाहेर रांगेत उभी एक म्हातारी बाई माझ्याकडे टक लावून बघत होती. "तू मराठी की गं?" तिने विचारलं. तिची मराठी वेगळीच होती, कन्नडच्या हेलातली. कित्येक पिढ्यांपासून तिचं घराणं इथलंच. "घरात आता मीच बोलणारी उरले. पोरं कन्नडच बोलतात. चल, स्वल्प कॉफी घे."

तिने स्वतःचा फोनही केला नाही. मला मागच्याच गल्लीतल्या घरी नेलं.

"अक्का, तुम्हाला कंटाळा येईल," म्हणत मी सगळं सांगितलं. तिने नीट ऐकलं आणि विचारलं, "पहिलं गेलं हे दुसऱ्याला कळतं कसं?"

हे मला आजवर कुणीच विचारलं नव्हतं. साहेबांनीसुद्धा नाही.

"दोघं एकमेकांना सारखी हाक मारत असतात," मी म्हणाले. "हाक आली नाही की कळतं."

"सरी, बरोबर," ती म्हणाली. मग तिने माझ्या पेल्यात आणखी कॉफी ओतली.

त्यानंतर काही रविवारी मी तिच्याकडे गेले. उन्हाळा लागला तसा तिचा म्हैसूरला राहणारा मुलगा येऊन तिला तिकडे घेऊन गेला. त्या गल्लीतून जाताना तिच्या दाराचं कुलूप दिसलं की मी भराभर पावलं उचलायचे.