लजहरकाकांचं लोखंड
आमच्या बंदराच्या टोकाला लोखंडाचे तीन जाड, उंच पत्रे एकमेकांना टेकून उभे आहेत. शिल्प आहे ते. ट्युनिसला शिकलेल्या दोर्साफ नावाच्या इथल्याच मुलीनं ते केलं आणि ती फ्रान्सला निघून गेली. पहिल्याच हिवाळ्यात त्यावर गंज चढला. होड्या रंगवण्यात लजहरकाकांचा जन्म गेलेला. खाऱ्या वाऱ्यात उघडं लोखंड त्यांना बघवेना. त्यांनी गंज खरवडला, तांबड्या रंगाचं अस्तर दिलं आणि वर होडीचा उरलेला निळा रंग मारला. आम्ही सगळ्यांनी वाहवा केली. झालं, दर वसंतात ते काम त्यांच्या मागेच लागलं.

बावीस वर्षं. गुडघे गेले, उजवा हात खांद्याच्या वर जाईना. "सोडा आता," मी माझ्या कॉफीच्या दुकानातून ओरडायचो.

"पोरगी येईल कधीतरी. तिच्यासमोर मान खाली जायला नको," ते म्हणायचे. तिनं एकदा बघावं आणि 'चांगलं राखलंत' म्हणावं, एवढ्यावर तो थकलेला माणूस शिडी चढत होता.

दोन वर्षांपूर्वी ती आली. काका शिडीवरच होते. ती पत्र्यांभोवती फिरली, निळ्या रंगावर नख घासून पाहिलं.

"चांगलं राखलंय ना, पोरी?" शेवटी काकांनीच विचारलं.

"खूप मेहनत घेतलीत, काका," ती म्हणाली. पुढे जे बोलली त्याचा मला रागच आला. खोटं बोलली असती तर काय बिघडलं असतं? "पण हे रंगवायचं नव्हतं. समुद्रावर गेलेल्यांची वाट बघणाऱ्या बायका आहेत या तिघी. त्यांना म्हातारं व्हायचं होतं. अर्धं काम माझं, उरलेलं वाऱ्याचं."

"आणि पडल्या तर?"

"तर पडतील."

काका हळूहळू उतरले. रंगाच्या डब्याचं झाकण लावलं. "म्हणजे बावीस वर्षं मला बसायची मुभा होती," ते म्हणाले, "आणि कुणी सांगितलं नाही."

तेव्हापासून ते माझ्या दुकानात समुद्राकडे पाठ करून बसतात. अधूनमधून विचारतात, "गंज कुठवर आला?" मी सांगतो. परवा म्हणालो, "मधलीचा सगळा रंग गेला. बघा तरी एकदा."

त्यांनी खुर्ची वळवली. बराच वेळ बघत राहिले. त्यांचे वडील सार्डिन मासे धरायला गेले ते परतले नाहीत, आणि आई मरेपर्यंत बंदराच्या त्याच टोकाला येऊन उभी राहायची, हे गावात सगळ्यांना माहीत आहे.

"आईच आहे रे," काका म्हणाले. "मीच तिला म्हातारी होऊ देत नव्हतो."