अरुंद मोरी

तुंगार्लीत आमच्या बंगल्याच्या फाटकासमोर ओढा आडवा येतो. तो गाडीने ओलांडायला त्यावरची मोरी मी बांधून घेतली आणि तिला लहान पाइप टाकायचा हट्टही माझाच होता. मोठा पाइप टाकला असता तर वरचा रस्ता उंच झाला असता आणि माझ्या गाडीचं पोट घासलं असतं.

पूर्वी तिथून पाणी दगडांवर पसरून रमतगमत जायचं. आता ते पाइपात कोंडून पिचकारीसारखं बाहेर पडू लागलं. पलीकडे सगळा सुटा मुरूम. पाइपाच्या तोंडाशी दगडी फरसबंदी करायची राहिली, कारण ती फाटकातून दिसणार नव्हती. दोन पावसाळ्यांत तिथे डोह झाला आणि त्याचा काठ शेजारच्या शिंपी चाचांच्या दुकानाच्या मागच्या भिंतीला भिडला. चाचा शाळेचे गणवेश शिवतात. मशीन त्याच भिंतीशी.

त्या काळात मी सोसायटीत जमिनीच्या धुपेवर तळमळून बोलत होतो. डोंगर फोडणारे, ओढ्यात बाटल्या फेकणारे पर्यटक, कुणालाच सोडलं नाही. भिंतीला तडा गेला तेव्हा मुरमाच्या गोण्या पाठवल्या. पहिल्याच जोरदार पावसात त्या वाहून गेल्या. चाचांनी तरीही आभार मानले आणि मी ते घेतले.

मग नगरपरिषदेच्या साहेबांना बोलावून आणलं, तेही माझ्याच गाडीतून. त्यांनी डोहात डोकावून विचारलं, "एवढासा पाइप कुणी टाकला?"

मी घसा खाकरला. चाचा म्हणाले, "जुना आहे, साहेब."

जुनं म्हटल्यावर दोष कुणाचाच उरला नाही. भिंत धोक्याची आहे, दुकान रिकामं करा, एवढं सांगून साहेब गेले.

दुसऱ्या दिवशी चाचा मशीन हलवत होते. मी एक बाजू धरली.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणालो. "मग खोटं का बोललात?"

"साहेब उद्या बदलून जातील. शेजारी तुम्हीच राहणार." मशीन खाली ठेवून त्यांनी पाठ सरळ केली. "गाडी घासत नाही ना आता?"

"नाही."

"मग झालं तर. एकाचं तरी काम झालं."

तेव्हा कुठे तोंड उघडलं. "चाचा, चूक माझी आहे. तुमची भिंत माझ्यामुळे खचली. मला माफ करा. पाइप काढतो, भिंत बांधून देतो. गाडी राहील रस्त्यावर."