वळसंगच्या माळावरून हाक

भवानी पेठेतल्या बनाबाईला चूल येत होती, तशीच तारही येत होती. नवरा धोंडीराम होटगी स्टेशनात तारमास्तर. त्यानं हौसेनं बायकोला तारेचं कडकट्ट शिकवलं आणि पुढं दोघांनी बिनतारी यंत्राचा हौशी परवानाही काढला. शेजारणी म्हणायच्या, ही दोघं सदा टकटक करत बसतात, यांना भांडायला सवड तरी कधी मिळते!

जन्मभर लोकांचेच निरोप धाडून धोंडीराम विटला होता. एकदा तरी उघड्या माळावरून आपलं स्वतःचं काही धाडावं, एवढंच त्याच्या मनात. म्हणून त्यानं फिरतं यंत्र घ्यायचं ठरवलं. व्यापाऱ्याकडं दोन होती. एक थोरलं, दांडग्या ताकदीचं. दुसरं लहान, मोटारीच्या बॅटरीवर चालणारं.

"थोरलं लई लांब पोचतंय," धोंडीराम म्हणाला.

"पर छकड्यात मावाय नको व्हय?" बनाबाई म्हणाली. "का बैलाच्या जागी तुमी वडणार हाय?"

लहानच आलं, पण पसंत पडलं तर ठेवायच्या बोलीवर. रविवारी छकड्यातून वळसंगच्या माळावर नेऊन तिथनं घरी बोलणं झालं नाही, तर सोमवारी परत.

रविवारी दुपारी बनाबाई घरच्या यंत्राला कान लावून बसली. खरखरीतून नवऱ्याचा कळ दाबायचा हात ओळखू आला. अगदी स्वच्छ! तिचा जीव भांड्यात पडला आणि लगेच पुन्हा वर आला. उत्तर देताना नियमानं आधी समोरच्याचं खुणेचं नाव धाडायचं असतं. सरकारनं दिलेलं असलं, तरी ते नवऱ्याचं नावच की! सरावातसुद्धा ती तेवढी जागा मोकळी सोडायची.

तिकडून पुन्हा हाक आली. मग आणखी एकदा, जरा दमल्यासारखी. आता तो बॅटरी सोडवायला लागेल, उद्या यंत्र जाईल, आणि माणूस मुकाट्यानं परक्यांचे निरोप धाडत बसेल. बनाबाईला भरून आलं. नाव घ्यायचंच, तर बाईमाणसानं घ्यायची एक रीत आहे. बघणारं कुणी नसताना तिनं पदर सारखा केला आणि कळ दाबली.

"वळसंगच्या माळावर बाभळीची सावली," मग ती खुणेची अक्षरं धडाधड, "रावांची हाक मला घरबसल्या घावली."

कळ सोडली, तशी तिला वाटलं, चुकलंच आपलं. मग एकेक अक्षर सुटं करत उत्तर आलं. लग्नापासून "अगं" म्हणणाऱ्या माणसानं पहिल्यांदा तिला नावानं हाक मारली होती. "बना."