जहूरच्या कमरेचं होल्स्टर

हमरियाच्या गल्लीत, शिंपी आणि ज्यूसवाला यांच्या मधे एक अरुंद दुकान आहे. त्यात सगळ्यात मागे एकनाथचं टेबल. माणूस राजापूरकडचा, काम शिकला धारावीत, आणि मस्कतला आल्यापासून चामड्याचं जे म्हणाल ते याच टेबलावर शिवतो. पट्टे, पिशव्या, खंजिराच्या म्यानाचे पट्टे, एकदा तर एका शेखच्या बहिरी ससाण्याची टोपीसुद्धा शिवली त्याने. हात चालू, तोंडही चालू. गिऱ्हाईक पट्टा घ्यायला येतं आणि चहा पिऊन जातं.

पण त्या महिन्यात आपल्या एकनाथाला घास गोड लागत नव्हता. झालं होतं असं, की दुकानाच्या मालकाला, म्हणजे अर्बाबला, एकाने सांगितलं, मागच्या कोपऱ्यात मोबाइलची कव्हरं ठेवा, धडाधड खपतील. अर्बाब वाईट माणूस नव्हे हो. त्याने एकनाथला घरी पाठवलं नसतं. त्याच्या भावाचा रुसैलला गाड्यांच्या सीट शिवायचा कारखाना होता, तिकडे लावून देतो म्हणाला. एकनाथ एकदा बघूनही आला. तिथे एक जण सकाळपासून नुसती उजवी शिवण मारतो, दुसरा नुसती डावी. अख्खी सीट कुणीच शिवत नाही.

"नोकरी ती नोकरी," मंगला फोनवर म्हणाली. मंगला म्हणजे त्याची बायको, ती गावाला.

"अगं, पण मी केलं काय ते मला कळायला नको? संध्याकाळी घरी येऊन सांगू काय? आज मी पुष्कळ उजवीकडे शिवलं?"



अशात अर्बाबच जहूरला घेऊन आला. जहूर त्याच्या शेजारचा, उंचापुरा बलुची ओमानी, हिंदी आपल्यासारखीच बोलणारा. बड्या पाहुण्यांच्या संरक्षणाचं त्याचं काम, आणि तेही साध्या कपड्यांत. पँट, वर बाहेर सोडलेला शर्ट, आणि पँटच्या आत, कमरेला, सरकारी परवान्याचं पिस्तूल. ते असावं, पण कुणाला दिसू नये. इथंच घोडं पेंड खात होतं. बाजारातली तयार होल्स्टरं, म्हणजे पिस्तुलाची म्यानं, लावून बघितली, एक मांडीला टोचे, एकाचा शर्टावर हा एवढा उंचवटा. साहेबाने बजावलं होतं, पुढच्या वेळी पाहुण्याच्या नजरेला पडलं तर तू फाटकावर उभा.

"एकनाथभाई, दिखना नहीं मांगता," जहूर म्हणाला. "बस, इतनाही."

अर्बाबने खांद्यावर हात ठेवला. "हे काम जमलं तर याचे बाकीचे साथीदारही तुझ्याकडे येतील. मग कोपरा तुझा. नाही जमलं तर रुसैल. इन्शाल्ला जमेल."

इन्शाल्ला म्हणून तो निघून गेला.

होल्स्टर एकनाथने जन्मात केलं नव्हतं. पण नाही म्हणेल तर तो एकनाथ कसला! जहूरने सरावाचं निळं प्लास्टिकचं पिस्तूल आणून दिलं होतं, हुबेहूब मापाचं, आत गोळीबिळी काही नाही. ते टेबलावर ठेवून दोघे चामडं निवडायला बसले. जहूरचा हट्ट, उंटाचंच हवं.

"का?"

"आमचा उंट आहे!"

"तुमचा उंट तुमच्या अंगणात बरा. हे हात लावून बघा, कसं ताठ आणि खरबरीत आहे. दिवसभर कमरेला घासलं तर रात्री आई हळद लावत बसेल."

मग जहूरला बकऱ्याचं आवडलं, मऊ म्हणून. एकनाथने त्याची सुरळी केली, पिस्तूल आत घातलं, बाहेर काढलं, आणि सुरळी बसली की चपटी होऊन! "आता परत आत घाला बघू एका हाताने. दुसऱ्या हाताने पाहुण्याला सांभाळायचंय ना तुम्हाला?" म्हशीचं जाड पडलं. शेवटी गाईचं ठरलं, तेही झाडाच्या सालीत कमावलेलं, कारण रसायनात कमावलेल्या चामड्यात इथल्या घामाने लोखंड गंजतं. तोंडाशी दुहेरी पट्टी, म्हणजे ते उघडंच राहील. आणि चाप पुरता झाकलेला, त्यात तडजोड नाही.

एकनाथने चामडं भिजवलं, निळ्या पिस्तुलावर ताणून बोटांनी दाबून दाबून बसवलं, सावलीत वाळवलं, शिवलं. जहूर आरशासमोर उभा राहिला. पुढे फिरला, मागे फिरला. काही म्हणजे काही दिसेना. "मुमताज!" म्हणजे फर्मास, असं ओरडून त्याने एकनाथला मिठीच मारली, आणि शुक्रवारी जेवायला बोलावलं. अर्बाबलाही.

शुक्रवारी एकनाथ इस्त्रीचा शर्ट घालून गेला. जहूरच्या घरच्या बैठकीत गालिच्यावर मोठं ताट मांडलेलं, भाताचा डोंगर आणि वर मटण, सगळ्यांनी भोवती बसून एकाच ताटात जेवायचं. जहूरची आई सफूरा दारापाशी उशीला टेकून बसली होती, कोण कमी खातंय यावर तिची नजर. जहूरने होल्स्टरात निळं पिस्तूल मुद्दाम लावलं होतं. म्हणाला, आज परीक्षा.

बिस्मिल्ला झालं. जहूर मांडी घालून बसला आणि घास घ्यायला पुढे वाकला. मांडीने होल्स्टर वर ढकललं, शर्ट सरकला, आणि पिस्तुलाची निळीशार मूठ थेट ताटाकडे तोंड करून बाहेर आली.

"जहूर," सफूरा म्हणाली, "तुझ्या पोटातून हे काय उगवलंय?"

झालं! पोरंटोरं, काका, मामा, सगळ्यांची हसून हसून मुरकुंडी वळली. जहूरही हसला. एकट्या एकनाथचा चेहरा उतरला. अहो, जन्मभर जमिनीवर मांडी घालून जेवलेला माणूस हा! कोकणात काय खुर्चीवर जेवत होता? आणि माप घेतलं ते जहूरला आरशासमोर उभं करून. जहूरचे पाहुणे जातील तिथे आधी गालिचा, कहवा, खजूर, मग ताट. राखणदार झाला तरी यजमानाच्या घरी ताटाला नाही म्हणता येत नाही. पिस्तूल लपायला हवं होतं ते बसलेल्या माणसाच्या कमरेला, आणि हे दोन शहाण्यांपैकी एकालाही सुचलं नाही. खुर्चीवर बसणाऱ्या मुलखातून आलेल्या होल्स्टरांची नक्कल केली की दुसरं काय होणार!

अर्बाब हात पुसत हळूच म्हणाला, "रुसैललाही चांगली माणसं आहेत, एकनाथ."

पण जहूरने मधेच तोंड घातलं. "अर्बाब, एक शुक्रवार और." सफूराने मान डोलावली. तिला काय, तेवढंच परत जेवायला घालायला मिळणार.

दुसऱ्या दिवशी एकनाथने दुकानात जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, जहूरला त्यावर मांडी घालून बसवलं आणि पुढ्यात बांगड्याचं तिखलं आणि भाताचं ताट ठेवलं. "खाओ."

"भूक नहीं है."

"भूक कोण विचारतंय! वाका, घास घ्या, पाणी प्या, परत वाका."

जहूर खात होता आणि एकनाथ हातात खडू घेऊन त्याच्याभोवती प्रदक्षिणा घालत होता. वाकलं की शर्ट कुठे ताणतो, मांडी कुठवर येते, तिथे तिथे पँटवर खुणा. शिंपी काम टाकून बघायला आला. ज्यूसवालाही आला. दोघांनी सल्ले दिले, फुकटच असतात ते. कोकणी तिखटाने जहूरच्या नाकाडोळ्यांतून पाणी, पण गडी ताट संपवून उठला आणि वर म्हणाला, उद्याही मोजूया.

एकनाथने जुनं होल्स्टर बाजूला ठेवलं आणि मुळापासून नवं केलं. पोटावर नको, उजव्या खुब्याच्या मागे. सरळ उभं नको, पुढे कललेलं, म्हणजे माणूस वाकला की मूठ पाठीशी निजून राहील. पट्ट्यात अडकवायच्या दोन पट्ट्या दोन टोकांना लांब लावल्या, त्या मुठीला अंगाकडे ओढून धरतात. ते शिवताना त्याला रुसैल आठवलं नाही की अर्बाब आठवला नाही. गाणं गुणगुणत होता, शिंप्याने ऐकलंय.

पुन्हा शुक्रवार, पुन्हा तेच ताट. या वेळी जहूर आत गेला आणि बाहेर येऊन मुकाट्याने बसला. जेवला, वाकला, पाण्याचा तांब्या घ्यायला पार पलीकडे झेपावला. एकनाथचं लक्ष ना भातात ना मटणात. सफूराची नजर पोराच्या कमरेवरून हलत नव्हती. अर्बाब तर उठून हात धुवायच्या मिषाने मागून चक्कर मारून आला.

"नाही लावलं याने," अर्बाब बसत म्हणाला. "आज घाबरून लावलंच नाही."

"नाहीच लावलं," सफूरा म्हणाली. "माझ्या नजरेतून सुटत नाही काही."

जहूर उभा राहिला, पाठ वळवली आणि शर्ट उचलला. निळं पिस्तूल तिथेच होतं, आईच्या कुशीत झोपलेल्या पोरासारखं. चाप झाकलेला, मूठ अंगाला चिकटलेली. आणि मग जी आरोळी उठली म्हणता! सफूराने दोन्ही हात कपाळाला लावले आणि मटणाचा सगळ्यात मोठा तुकडा एकनाथपुढे सरकवायला सांगितला.

अर्बाबने होल्स्टर मागून घेतलं. आत बोट घातलं, शिवण बघितली, नखाने खरवडून पाहिली. "कव्हरवाल्याला दारात बसवू," तो म्हणाला. "तुझं टेबल हलायचं नाही. यल्ला, चल, जेव आता."

एकनाथचा जीव भांड्यात पडला. इतका वेळ न लागलेली भूक अशी कडकडून लागली की अर्बाबच हसायला लागला. तो जेवला, परत जेवला, आणि बाहेर येऊन भिंतीच्या सावलीत उभा राहून त्याने मंगलाला व्हिडिओ कॉल लावला.

"राहिलो गं! हमरियातच राहिलो!"

"देव पावला!" मंगलाने हात जोडले. मग डोळे पुसले आणि लगेच चौकशी. "एवढं काय केलंत ते दाखवा तरी. फोटो पाठवा, इथे शेजारी दाखवते."

"फोटो कसला! ते कमरेला लावलेलं दिसायचंच नाही. दिसलं असतं तर मी गेलो असतो रुसैलला, उजवीकडे शिवत."

"म्हणजे? आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम केलंत, आणि ते कुणाला दिसणारच नाही?"

"नाही." आणि तो असा हसला की हातातला फोन हलायला लागला.

मंगलाने फोन डोळ्यांजवळ नेला.

"मला दिसतंय ओ," ती म्हणाली. "तुमच्या तोंडावर दिसतंय."